दुपारच्या उजेडाचा भाव

३ तारीख, सकाळ
टक्-टक् टक्, टक्-टक् टक्. चौथीच्या वर्गात मास्तर टेबलावर फूटपट्टीने कवितेचा ठेका धरायचे. तो आवाज आज पहाटे स्पष्ट ऐकू आला. उठून पाहिलं तर स्वयंपाकघरातला नळ. गळतोय, पण लयीत. प्लंबरला मुळीच बोलवायचं नाही. घर विकताना ही जमेची बाजू.

होय, घर विकायचं ठरलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि हिचे गुडघे गेले. मागल्या महिन्यात ही धाकट्या बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा जिन्यातच म्हणाली, "उतरले ती शेवटची. आता घर विका आणि या." बहिणीच्या शेजारी तळमजल्यावर दोन खोल्या मिळताहेत. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार आहे. भरपूर वेळ. मी आठवड्यात उरकतो.

५ तारीख
एजंट आला. चुणचुणीत मुलगा, पण काव्याचं अंग नाही. घराची किंमत कशी ठरते, विचारलं. म्हणाला, खालचं एवढंच घर ज्या भावाला गेलं, त्याच्या आसपास. मी म्हटलं, त्यांच्याकडे दुपारचा उजेड असा तिरपा येतो का? "काका, उजेडाला रेट नसतो." हसू आलं. बिचारा.

तो गेल्यावर स्वतःच मूल्यांकन केलं. उजेड. खिडकीतलं झाड. झाडावरचा पक्षी (कायमचा आहे). मुलाची उंची पेन्सिलीने मांडलेली दाराची चौकट. नळ. बेरीज पाहून मलाच घर परवडेना. म्हणजे किंमत बरोबर आहे.

८ तारीख
जाहिरात लिहिली. आठ ओळी, यमक सांभाळून. एजंटला फोनवर म्हणून दाखवली. बराच वेळ गप्प होता. भारावला असावा. मग विचारतो, "काका, यात एरिया कुठे आहे?" सहाव्या ओळीत आहे: 'दोघांस पुरते, चौघांस आठवते'. म्हणाला, राहू द्या, मी लिहितो.

छापून आलं: 'टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही.' अख्ख्या जाहिरातीत एक विशेषण नाही!

११ तारीख
पहिलं गिऱ्हाईक. नवं लग्न झालेलं जोडपं. मुलीने विचारलं, पाणी किती वेळ येतं. पाण्यावरून नदीची एक कविता आठवली. पाठ होती. म्हटली. सगळी. नवऱ्याने भिंतीवरच्या ओलीबद्दल विचारलं. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. सांगितलं, ओल जुनी आहे, दर वर्षी थोडी वाढते, आता हंसासारखी दिसू लागलीय. चोच यायला अजून दोनेक वर्षं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निघाले. चहासुद्धा घेतला नाही. तीही भारावली असावीत.

१४ तारीख
कुणी फिरकलं नाही. हिचा फोन. विकलं का? म्हटलं, लोकांना हे घर पेलवत नाहीये. म्हणाली, "मला जिना पेलवत नव्हता, तेव्हा कुठे एवढी काळजी होती!" हवापाण्याकडे विषय वळवला.

१७ तारीख
एजंटने रंगारी धाडला. म्हणे विकण्याआधी भिंती पांढऱ्या करायच्या आणि चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या. रंगाऱ्याला चहा पाजून परत पाठवला. संध्याकाळी एजंट तणतणत आला. गिऱ्हाईक आलं की मालकाने फिरायला जावं, म्हणाला. मालक समोर उभा असला की लोकांना कपाट उघडायलाही चोरट्यासारखं वाटतं. "या घरात दोष एकच आहे, काका. आणि तो दुरुस्त होण्यातला नाही." कोणता ते बोलला नाही. नळ म्हणत असावा.

संकल्प: यापुढे गिऱ्हाइकासमोर मौन.

२० तारीख
बँकेतले एक गृहस्थ, सोबत त्यांची आई. बाई ठणठणीत, तिन्ही मजले न थांबता चढल्या. मी मौन पाळलं. बैठकीची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. खिडकीशी बाई थांबल्या, म्हणाल्या, "वारा छान येतो हो." आता यावर गप्प राहणं म्हणजे त्या माउलीचा अपमान. थोडं बोललो. दोनदा चहा झाला. मग गृहस्थांनी आकडा सांगितला. एजंटने टेबलाखालून मला पाय मारला, म्हणजे आकडा चांगला होता. मी फक्त एवढंच विचारलं, शाळेतली एखादी कविता पाठ आहे का? म्हणतात, "कशाला?"

कशाला! या माणसाला माझी खिडकी? किंमत तिथल्या तिथे वाढवली. जाताना एजंट जिन्याच्या पहिल्याच पायरीवर डोकं धरून बसला. हल्लीच्या मुलांना व्यायाम नाही.

२४ तारीख
मेहुणीचा फोन. खोल्यांच्या मालकाकडे दुसरं कुणी येऊन गेलं. रविवारपर्यंत थांबेन म्हणाला, पुढे नाही. "भाऊजी, ताई दिवसभर त्या रिकाम्या खोल्यांकडे बघत बसते. कुंड्या कुठे ठेवायच्या, तेही ठरवून झालंय तिचं."

जेवण गेलं नाही. फेरमूल्यांकन केलं. पक्षी काढला. जड मनाने झाडही काढलं. उजेड मात्र राहू दिला.

२६ तारीख, शनिवार
बँकवाले उद्या पुन्हा येताहेत! आईंनी हट्ट धरला म्हणे. मला वाटलंच होतं. एजंट म्हणाला, घर दाखवायला एक जाणकार व्यक्ती आणतोय, तुम्ही काही करू नका. आणू दे. माझी तयारी पूर्ण. उद्या एक शब्द बोलणार नाही. दारात स्वागताच्या चार ओळी, बस्स. फार तर आठ.

२७ तारीख, रविवार
खाली फाटकाजवळच्या बाकावर बसून लिहितोय. वर काय चाललंय, कळायला मार्ग नाही.

सकाळी इस्त्रीचा सदरा घालून तयार होतो. बँकवाले यायला अवकाश होता, तोच जिन्यात पावलं वाजली. पण किती हळू! दोन पायऱ्या, की थांबा. मधेच खुर्ची टेकवल्याचा आवाज. मग पुन्हा दोन पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर तर इतका वेळ गेला, की वाटलं, परत फिरले. जाणकार बराच म्हातारा दिसतोय, मनात म्हटलं, म्हणजे कवितेची जाण असणार. ओळी घोकत दाराशी उभा राहिलो. बेल वाजली. दार उघडलं. पहिली ओळ ओठांवर.

दारात ही.

एक हात कठड्यावर, दुसरा एजंटच्या खांद्यावर. त्याच्या काखेत घडीची खुर्ची. हिचा चेहरा घामाने निथळत होता. एजंट माझ्याकडे बघेना.

"अगं, तू... गुडघे..." एवढंच निघालं तोंडातून.

दम लागला होता हिला. एजंटने मांडलेल्या खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "घर मी दाखवते. तुम्ही खाली जाऊन बसा."

मी चपला शोधू लागलो.

"आणि अहो," मागून म्हणाली, "सावकाश उतरा."