जुबेदा नव्हे, कुलसुम

बिस्मिल्लाह करून सांगते. मी, कुलसुम दाऊद मुकादम, वय एक्याऐंशी, राहणार बंदर रोड, पनवेल, पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. या घरात दडपण असतं ते माझंच. मी बोलते आणि हेतल वकीलबाई लिहून घेतात. मध्येच त्या म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, "जरा सरकवून बसवा, बाई."

१. माझ्या घराचे तीनपैकी दोन वाटे शरियतप्रमाणे मुलगा मुश्ताक आणि मुलगी मैमुना यांचे. मुश्ताकने बहिणीकडून हक्कसोडपत्र घेऊ नये. "ती खुशीने देते" असंही म्हणू नये. तसली खुशी मी पाहिलेली आहे, पुढे सांगते.

२. उरलेला तिसरा वाटा वारस नसलेल्याला आपल्या मर्जीने देता येतो. हे मला आधी वकिलाने नाही, नातीने सांगितलं. ती मुश्ताकची मुलगी रिदा. डॉक्टर रिदा, दिल्लीच्या विद्यापीठात प्रोफेसर. काय शिकवते विचारलंत तर बाया, मुसलमान आणि इन्साफ. माझी नणंद जुबेदा म्हणाली, "हे शिकायला दिल्लीला कशाला जायचं? आपल्या ओट्यावर बसली असती तरी झालं असतं." तर आता दिल्लीची पोरं वह्या घेऊन आमच्याच ओट्यावर बसतात आणि बायांचं ऐकतात. म्हणून खालची खोली ओट्यासकट रिदाला. मोहल्ल्यातले म्हणतात, पोरगी आपलीच उणीदुणी काढते. बाहेरचे म्हणतात, आपल्यांचीच बाजू घेते. दोघं एकदम चिडले की मी समजते, माझ्या नातीचा काटा मधोमध आहे.

३. सांदणं उकडायचं पितळी भांडं सुनेला. ती म्हणते जड आहे. असू दे. रिदाचे विद्यार्थी जेवून जातात, हलक्या भांड्याने भागणार नाही.

४. आता मुख्य. हेतलबाई, नीट लिहा.

माझे अब्बा गेले तेव्हा त्यांची जमीन उलव्याकडे होती; आता तिच्यावरून विमानं उतरतात. चाळिसावा झाला आणि भाऊ मिठाईचा पुडा, कागद आणि शाईचा पॅड घेऊन इथे आले. "आपा, अंगठा दे. बहिणी देतातच." जुबेदा तेव्हा घरीच होती. तीही म्हणाली, "देऊन टाक गं भाभी, माहेर तुटेल." मी म्हटलं, "शाई तुमची असेल, अंगठा माझा आहे."

माहेर तुटलं. वाटा मिळाला. त्या वाट्यावर रिदा दिल्लीला शिकली. दारामागे उभी राहून ती हे सगळं ऐकत होती, तेव्हा शाळेत होती. पुढे तिने याच गोष्टीवर पुस्तक लिहिलं, आणि त्यात माझं नाव ठेवलं जुबेदा!

"दादी, संशोधनात खरं नाव छापत नाहीत. तुझे भाचे पुन्हा भांडायला येतील. तुला त्रास नको."

"मग खुदाच्या दुनियेत हेच एक नाव उरलं होतं?"

"सहज सुचलं गं."

गेल्या वर्षी पनवेलच्या कॉलेजात तिचं भाषण झालं. मी पहिल्या रांगेत, शेजारी जुबेदा. रिदाने वाचलं, "जुबेदा म्हणाली, अंगठा माझा आहे," आणि सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. आणि ही बया उठून उभी राहिली! मान हलवली! तेव्हापासून उरणपर्यंत सांगत सुटली आहे की पुस्तकातली ती मीच.

म्हणून माझं नाव मी रिदाला देते. मी गेल्यावर मला कोण त्रास देणार? भाच्यांना भांडायचं असेल तर कब्रस्तानात यावं, मी तिथेच असेन. पुढच्या छपाईत लिहायचं: कुलसुम, हसनमियाँची लेक. रिदाला लेखी परवानगी लागते ना, ही घे पोरी. माझ्या गोष्टीचा अभ्यास झाला याचं मला इतकं सुख आहे की हजला गेले तेव्हाही मी लोकांना हेच सांगत होते.

५. जुबेदाला काही नाही. हेतलबाई म्हणतात, साक्षीदाराला काही न दिलेलं बरं. म्हणून मुद्दाम तिलाच साक्षीदार केलं आहे.

सही मला आता येते, रिदाने शिकवली. पण इथे सही करत नाही. जो अंगठा तेव्हा दिला नाही, तो आज माझ्या खुशीने देते. शाईही माझीच, मुश्ताककडून विकत आणवली.

कुलसुम दाऊद मुकादम (डाव्या हाताचा अंगठा)
पनवेल, ता. ११ जानेवारी २०२६

आमच्यासमोर अंगठा उठवला:

साक्षीदार १: कृष्णकांत म्हात्रे, शेजारी.

साक्षीदार २: जुबेदा अ. रझाक पटेल, उरण. मला सगळं वाचून दाखवलं. उभी राहिले ते पायाला मुंग्या आल्या म्हणून. बाकी, भाऊ आले त्या दिवशी मी त्या खोलीत होते. ते अंगठ्याचं बोलली ती कुलसुमच.