गवंडीबाबांची साक्ष

सोमवार, ता. २

चि. ठमीस,
प्रभूमध्ये सलाम व आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वॉर्डातल्या पाळ्या करून तू वाळली असशील, हे कळायला मला डॉक्टर लागत नाही.

आमच्याकडे सध्या पाहुणा आहे. महिन्यापूर्वी चर्चच्या पायरीवर सापडला. पेशाने गवंडी, बांधकामावरून पडून पाय मोडलेला. मंडळीची रीत तुला ठाऊकच आहे: परक्याला ज्याने घरात घेतलं त्याने त्याला रविवारी पुढे आणायचं, आणि पाहुण्याने उभं राहून देवाच्या उपकारांची साक्ष द्यायची. मंडळीच्या सेक्रेटरीणबाईंनी गेल्या वर्षी तीन पाहुणे उभे केले, त्यातला एक तर त्यांचा चुलतभाऊच होता! माझा मात्र अस्सल परका आहे. मागची खोली रंगवून दिली, नवी चादर घातली. घरी येईल त्याला ती दाखवते. गवंडीबाबा बिचारे तेवढ्यापुरते उठून बसतात.

त्यांची एकुलती एक मुलगी तुमच्या गावात शिवणकाम करते म्हणे. दोन वर्षं खबर नाही. जमलं तर शोध घे. सापडली तर साक्षीला रंग चढेल.

तुझ्या लोभात माझा वाटा मोठा ठेव.
तुझी ताई

गुरुवार, ता. ५

ती. ताईस,
सलाम वि. वि.

शोधायला लांब जावं लागलं नाही. मुलगी माझ्याच वॉर्डात आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत. डॉक्टरांनी हात टेकलेत. आठवडाभर काढेल, फार तर.

बाबा जिवंत आहेत म्हटल्यावर तिने माझा हात धरला तो सोडेचना. रागाने घर सोडलं होतं तिने. आता म्हणते, एकदा बाबांना बघू दे, मग काय व्हायचं ते होवो. दार वाजलं की मान वळवते.

तुझ्या पाहुणचाराची मी थट्टा करते, पण तू त्यांना आसरा दिलास म्हणूनच हे कळलं. तेव्हा आता एवढंच कर: पत्र हातात पडेल त्या दिवशी त्यांना बसमध्ये बसव. मी स्टँडवर उभी राहीन.

भावजींना सलाम. माया आहे तशी असू दे.
तुझी ठमी

शनिवार, ता. ७

चि. ठमीस,
सलाम व आशीर्वाद.

प्रभूची करणी बघ! तुझं पत्र मी महिला मंडळात वाचून दाखवलं, दोघी तर हुंदके देऊन रडल्या. बाबांना एवढंच सांगितलं की मुलगी सापडली, जरा आजारी आहे. तर काठी न घेताच दाराकडे निघाले! धरून बसवावं लागलं.

पण अडचण अशी की पंधरा तारखेला बिशपसाहेब येताहेत. आतिथ्याचा रविवार आहे, आणि साक्षीचा मान आमच्या पाहुण्याला मिळालाय. वर कळवूनही झालं. आता हे गेले तर मी काय तुझ्या भावजींना परका म्हणून उभं करू? बाबांचे बूट चांभाराकडे टाकलेत, आणि त्याला सांगितलंय की सावकाश होऊ दे. तू लहानपणापासून उतावळी. डॉक्टरांचे आठवडे मला माहीत आहेत. त्यांनी दिलेल्या एका आठवड्यावर आपली आत्या चार वर्षं जगली.

बाबांनी कुरकुर केली नाही. म्हणाले, ताई म्हणतील तसं, त्यांचं अन्न खाल्लंय. फार गुणी माणूस.

रागावू नकोस, आणि मला विसरू नकोस.
तुझी ताई

गुरुवार, ता. १२

ताई,

ती आज सकाळी गेली.

मंगळवारी मी भावजींच्या कचेरीत फोन केला होता. रडून सांगितलं. ते म्हणाले, पाहुण्यांचं सगळं तुझी ताईच बघते.

शेवटी तिला दिसेनासं झालं होतं. काल वॉर्डातले म्हातारे सफाईवाले आत आले, तेव्हा पावलं ऐकून तिने बाबा म्हणून हाक मारली. त्यांनी ओ दिली आणि हातातलं सोडून तिच्याजवळ बसले. मी त्यांना थांबवलं नाही.

दफन रविवारी संध्याकाळी आहे. त्यापुढे ठेवता येत नाही. त्यांना अनवाणी पाठव, पण पाठव. शेवटचं तोंड तरी बघू दे.

ठमी

रविवार, ता. १५

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पत्र काल दुपारी मिळालं. मनाला फार लागलं गं. पण साक्ष तोंडावर आलेली, घरात बिशपसाहेबांच्या जेवणाची तयारी, त्यात रडारड कशी परवडणार? बाबांना मी सांगितलं की मुलीला उतार पडलाय. खोटं आहे खरं, पण त्यांच्या भल्यासाठीच. निदान एक रात्र शांत झोपले.

आणि काय साक्ष दिली म्हणून सांगू! हात जोडून उभे राहिले. म्हणाले, देवाने मला घर दिलं, ताई दिली, आणि माझी पोर वाचवली, त्याचे उपकार कसे फेडू. बिशपसाहेबांनी रुमाल काढला. सेक्रेटरीणबाईंचं तोंड बघायला तू हवी होतीस!

उद्या सकाळच्या बसने निघताहेत. हे पत्र आधी मिळावं म्हणून आज संध्याकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते. खरं काय ते तूच सांग, तुला सवय आहे. मुलीसाठी वेगळा डबा बांधून द्या म्हणाले. दिला. नाही कसं म्हणणार?

तुझा राग ओसरला की लिही. मी वाट बघते.
तुझी ताई

मंगळवार, ता. १७

ताई,

ते आले. हातात डबा होता. स्टँडवरच्या बाकावर बसवून सांगितलं. कधी गेली, विचारलं. मी गुरुवार म्हटलं. त्यांनी डबा बाजूला ठेवला. मग विचारलं, ताईंना रविवारी माहीत होतं का? मी होय म्हटलं. तुझ्यासाठी खोटं बोलायची मला सवय नाही.

कबरीपाशी नेलं. कडेची माती ते तळव्याने सारखी करत राहिले. अंधार पडायला लागला तेव्हा मी त्यांना उठवलं.

तुझ्याबद्दल एक वावगा शब्द काढला नाही. आज सकाळी मात्र तुला एक गोष्ट विचारायला सांगितली. रविवारी सगळ्यांसमोर पोर वाचवली म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले. ते परत घ्यायचे तर तुमच्या चर्चमध्ये कोणापुढे उभं राहावं लागतं?

उत्तर मला नको, त्यांना पाठव. ते माझ्याकडे राहतात.

ठमी