शिलकीचा हंडा

आबा, परवा नगरपालिकेच्या सभागृहात सगळ्यांसमोर तुमचं नाव निघालं. लोकांनी माना डोलावल्या, एक-दोघांनी मागे वळून मला हातही जोडले, आणि मला तुमचा इतका राग आला की खुर्ची घट्ट धरून बसावं लागलं. तुम्ही गेल्यापासून मी तुमच्यावर कधी रागावले नव्हते. गेलेल्या माणसावर रागावून करायचं तरी काय? फोटोचा हार बदलायचा, त्याच्या आवडीची कळण्याची भाकरी थापायची, त्याच्या चांगुलपणाच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायच्या. मीही तेच करत आले. परवापासून मात्र तुमच्या फोटोसमोरून जाताना मी दुसरीकडे बघते.

नगरपालिकेने पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाचा आराखडा केला आहे. दिवाबत्ती, सफाई, रस्त्यांची डागडुजी, पाणी, रोजचा कारभार कसा चालवायचा ते त्यात मांडलंय. नागरिकांच्या हरकती ऐकायला सभा ठेवली होती. मी गेले ती अक्कांच्या सुनेसाठी. परसातल्या भिंतीपलीकडच्या अक्का तुम्हाला आठवत असतीलच. त्या आता थकल्यात, बाजेवर बसून लसूण सोलतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर घेतात. मुलगा सुरतला कापडाच्या कारखान्यात आहे. घर चालतं ते सुनेच्या डब्यांवर. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली कॉलेजची पोरं तिच्याकडचं जेवतात. पण आपल्या गावात आता नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, आबा. तुमच्या वेळी आधी दिवसाआड यायचं, मग चौथ्या दिवशी येऊ लागलं, तुमच्या शेवटच्या वर्षांत सहाव्या. दर वेळी "तात्पुरतं आहे" असंच सांगितलं गेलं. सून मधल्या दिवसांत टँकर मागवते, पिण्याचे जार घेते, आणि महिनाअखेर डब्यांतून काही उरत नाही. दिवाळीनंतर चूल बंद करून सुरतला नवऱ्याकडे जायचं तिने ठरवलंय. अक्का म्हणतात, मी या घरातून हलणार नाही. म्हणजे भिंतीपलीकडे एकट्या अक्का उरणार.

सभागृहात पडद्यावर आकडे सरकत होते. मुख्याधिकारी तरुण आहेत, बोलायला मऊ. पाण्याचं पान आलं आणि मला ती ओळ दिसली: पंपगृहात दुसरा पंप बसवणे, चौथे वर्ष. दुसरा पंप! मी शाळेत असल्यापासून हा शब्द ऐकतेय. एकच पंप गावाला पुरत नाही, तो बिघडला की सगळ्या गावाच्या पाळ्या पुढे ढकलल्या जातात, हे तेव्हाही माहीत होतं. मी उठून म्हणाले, "हा पंप पहिल्या वर्षात का नाही?" ते म्हणाले, "मॅडम, पहिल्या वर्षात घेतला तर अंदाजपत्रक तुटीचं होतं." मी म्हणाले, "मग होऊ द्या ना." सभागृहात एकदम कुजबुज झाली, मी काही अभद्र बोलल्यासारखी. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली अक्कांची सून उभी राहिली. ती घाबरली होती आणि घाबरली की ती अहिराणीतच बोलते. "सायेब, पानी आठव्या दिनले येस, पण पोरे त रोज जेवतस ना!" लोक हसले. मागून एक बाई ओरडली, "शिल्लक तुमनाकडे, रिकामा डरम आमनाकडे!" आणखी हशा पिकला. मुख्याधिकारीही हसले, आणि माझ्याकडे वळून अगदी आदराने म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर घरच्याच. या नगरपालिकेने आजवर तुटीचं अंदाजपत्रक दिलेलं नाही. ही शिस्त तुमच्या वडिलांनी घालून दिली. जुने लोक त्यांच्या घरच्या भरलेल्या हंड्याची गोष्ट अजून सांगतात, म्हणतात, असा लेखापाल पुन्हा झाला नाही. त्यांच्याच मुलीने तूट मागावी?" तेव्हा त्या माना डोलल्या. मी खाली बसले. सुनेची सूचना 'विचारार्थ' लिहून घेतली गेली आणि पडद्यावर पुढचं पान आलं.

घरी येताना मला ते पेढे आठवत होते. अंदाजपत्रक मंजूर झालं की संध्याकाळी तुम्ही बाजारपेठेतून पेढ्यांचा पुडा घेऊन यायचात. सायकल भिंतीला टेकवायचात, हातपाय धुवायचात, पुडा देवासमोर ठेवायचात आणि आईला म्हणायचात, "करवाढ नाही, तूट नाही. शिलकी!" त्या एका दिवशी तुम्ही आम्हाला मांडीवर घ्यायचात, त्यामुळे 'शिलकी' हा शब्द मला लहानपणी एखाद्या सणाच्या नावासारखा वाटायचा. आणि घरातही शिलकीची एक खूण होतीच. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पांढऱ्या फडक्याने झाकलेला तांब्याचा हंडा. नळाचं पाणी पुन्हा येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. पाणी आलं की जुनं पाणी शेवग्याला घालायचं आणि हंडा पुन्हा भरून झाकायचा. एकदा रंगपंचमीला मी त्यातून तांब्याभर पाणी घेऊन तोंड धुतलं. तुम्ही ओरडला नाहीत. हंड्यावरचं फडकं सारखं केलंत, माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, "शिलकीला हात लावायचा नसतो. घर असो की गाव, शेवटी शिल्लक दाखवता आली पाहिजे." मारलं असतं तर मी विसरले असते. ते शांत बोलणं राहिलं. 'दाखवता' हा शब्द मात्र तेव्हा मला खटकला नाही. आज खटकतो.

आणि ती जेवणाची वेळ. तुम्ही पाटावर बसला आहात, आई भाकरी वाढते आहे, मी ठेच्याला बोट लावून चाटते आहे. त्या दिवशी दुसऱ्या पंपाचा प्रस्ताव आला होता आणि एका नगरसेवकाने फारच लावून धरला होता. तुम्ही खुशीत होतात, कारण तुम्ही त्याचं तोंड बंद करून आला होतात. "मी म्हटलं, साहेब, पंप घेतला की तूट आली. आणि गरज काय? चला माझ्या घरी. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी चला. माझ्या स्वयंपाकघरात हंडा भरलेला दाखवतो. जपून वापरलं तर आहे त्या पाण्यात माझं घर चालतं, मग गावाचं का चालू नये?" पंप पुढच्या वर्षावर गेला. तुम्ही सांगत होतात आणि आई ठेच्याची वाटी तुमच्याकडे सरकवत होती. ती एवढंच म्हणाली, "अजून अर्धी वाढू?"

परवा सभेहून आले ती थेट परसात गेले. अक्का बाजेवर होत्या. काय काय झालं ते सांगितलं, तुमचं नाव निघालं तेही सांगितलं. अक्का हातातला लसूण खाली ठेवून खूप वेळ हसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तो हंडा? ते पानी त मना बोरनं व्हतं, माय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या परसातल्या बोरवेलला तेव्हा पाणी होतं. तुम्ही ऑफिसात आणि आम्ही शाळेत गेलो की आई भिंतीपाशी येऊन हाक मारायची, अक्का भिंतीवरून कळशी द्यायच्या. आपल्या घरचं पाणी तिसऱ्या दिवशीच संपायचं. तुमचा रोजचा धुतलेला पांढरा शर्ट, आम्हा भावंडांच्या आंघोळी, आजीचं आजारपण, कशातच काटकसर होत नव्हती. आई हंड्यातलं पाणी वापरायची आणि तुम्ही यायच्या आत अक्कांच्या पाण्याने तो भरून, फडकं तस्संच घालून ठेवायची. "तुनी माय सांगे, 'अक्का, यासले सांगू नका. यासना जीव त्या हंडामा शे.' तुना बापले कधी समजनंच नही."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. तुम्ही सभेत ज्या हंड्याचा दाखला दिलात तो शेजारणीच्या पाण्याने भरलेला होता, आबा. त्याच्या जोरावर गावाचा पंप अडला, आणि अजून अडलेला आहे. तुम्ही ऑफिसातली टाचणी घरी आणली नाहीत. ठेकेदाराच्या घरचं लग्नाचं ताटही घेतलं नाहीत. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण तुम्हाला स्वतःच्या स्वयंपाकघरातला कोपरा तेवढा दिसत होता, ते स्वयंपाकघर चालवणारी बाई दिसत नव्हती. एकदा, फक्त एकदा, तुम्ही आईला विचारलं असतं, "हे पाणी कसं पुरवतेस गं?" तुम्ही हंडा पाहिलात आणि समाधान मानलंत. तुमच्या जागी आज बसलेले लोकही तेच करतात. पडद्यावर खाली शिल्लक दिसली की त्यांचं काम झालं. ती भरून कुणी दिली, ते कुठल्याच पानावर नसतं. पाण्याच्या दिवशी कामावर खाडा करणारी मोलकरीण त्यात नाही. शाळा बुडवून नळाशी बसवलेली मुलगी नाही. जिन्यावरून हंडे चढवताना कंबर गेलेली बाई नाही. घराघरांत मांडलेल्या निळ्या पिंपांची रांग नाही. करवाढ नाही म्हणून पेढे वाटता, आणि तो कर आम्ही टँकरवाल्याला भरतो, जारवाल्याला भरतो, हाडांनी भरतो. चिडून मी परवा एकटीच स्वयंपाकघरात हे मोठ्याने बोलले. ऐकायला कुणी नव्हतं.

सोमवारी पुन्हा सभा आहे. मी सांगणार आहे. उभी राहून त्या लोकांना सांगणार आहे की ज्या हंड्याची गोष्ट तुम्ही शिस्त म्हणून सांगता तो उसन्या पाण्याचा होता, आणि ते पाणी देणारी बाई आज तुमच्या आठव्या दिवसामुळे एकटी पडणार आहे. अक्कांना विचारलं, सांगू का? त्या म्हणाल्या, "सांग ना व माय. तुना बाप काय आते मनावर रागे भरी?" पण आईला विचारता येत नाही, तीही आता नाही. तिने जन्मभर झाकून ठेवलेलं मी भर सभेत उघडणार. तुमची लाज झाकण्यासाठी तिने ते केलं की तुमच्यावरच्या मायेने, हे मला ठरवता येत नाही. खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं होतं. पण तिच्यापुढे मला फक्त रडू येईल. तुमच्याशी निदान भांडता येतं.

इतकं लिहून झालं आणि नळ आला. आज आठवा दिवस. गल्लीत आरडाओरडा सुरू झाला, "उनं, पानी उनं!" मी पेन टाकून धावले, पाइप जोडला, बटण दाबलं. तुम्ही असताना आपल्या नळाला कधी मोटर लागली नाही. शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं, नियमात बसत नाही, म्हणायचात. आता गल्लीत सगळ्यांच्या आहेत. मोटर लावली नाही तर वरच्या टाकीत थेंब चढत नाही, म्हणून तुमच्या पश्चात मीही बसवली. अक्कांच्या घरी नाही. सुनेने टँकरचे पैसे देता देता मोटरीचं पुढे ढकललंय, आणि बोर तर केव्हाच आटला. मी पाइप आधी हंड्यात सोडला. हो, तोच तांब्याचा हंडा, त्याच कोपऱ्यातला. मोटर घुमायला लागली तशी भिंतीपलीकडून सुनेचा आवाज आला, "अक्का, धार बारीक व्हयनी व!" तो आवाज मी ऐकला. अगदी स्पष्ट ऐकला.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाहीच आहे. तुमच्या फोटोमागे राहील, तिथून सोमवारी काढून पुन्हा एकदा वाचीन. पण तुमच्यावर एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट लिहायची राहिली, तर हा कागदही त्या झाकलेल्या हंड्यासारखाच होईल. सुनेचा आवाज ऐकून मी मोटर बंद केली. पण माझा हंडा भरल्यावर, आबा.