कुमारी देवकीचा शोध

अजनी, नागपूर
मंगळवार, १४ फेब्रुवारी १९७८

सकाळी पोस्टात गेलो. दुपारी परत आलो. जेवलो. ऊन वाढू लागले आहे.

कौसल्याताईंना मनोहरचा नमस्कार. खाप्याला सगळे बरे असतील. गुडघ्याला शेक चालू ठेवावा. तेरवीनंतर आपण आठ दिवस राहिलात, मला स्टोव्ह पेटवायला शिकवलेत, त्याचे आभार मानायचे राहून गेले. (स्टोव्ह अजून भडकतो. आता मी घाबरत नाही, लांब उभा राहतो.)

एप्रिलअखेर माझी नोकरी संपते आणि रेल्वेचे क्वार्टर सोडावे लागते. सोसायटीतल्या दोन खोल्यांचे पैसे मार्चमध्ये भरायचे, माझ्याजवळ निम्मेच. घरचा पैसा आपली बहीण, म्हणजे आमची ही, पाहत असे. मी पगाराचे पाकीट देऊन मोकळा. अशात गेल्या आठवड्यात तुरीच्या डाळीच्या डब्यात पोस्टाचे पासबुक सापडले. वर नाव, कु. देवकी रामाजी. मला वाटले, कुणा शेजाऱ्याच्या मुलीचे असेल, हिच्याकडे विश्वासाने ठेवले असेल. परक्या मुलीचे पुस्तक उघडणे बरे नव्हे, म्हणून आत पाहिलेही नाही. तीन दिवस मी क्वार्टरांच्या लाइनीत दारोदार कुमारी देवकी कुठे राहते ते विचारत फिरलो. पाच आठवड्यांचा विधुर असा फिरू लागल्यावर लोक काय समजायचे ते समजले. एका गृहस्थांनी तर, देवकी मिळत नसेल तर पारशिवनीचे एक स्थळ आहे, असे हळूच सांगितले.

चौथ्या दिवशी शेजारच्या तुळसाबाईंनी मला अंगणात थांबवले. "काहून जी बाबूजी, देवकीले कुठं शोधून राहिले? ते तं तुमच्याच घरची होती! दर सोमवारी माह्यासंगं पोस्टात येत होती."

मी घरात जाऊन पासबुक उघडले. लग्नात नाव बदलून पुष्पलता मीच ठेवले आणि जुने त्याच दिवशी विसरलो. रामाजी म्हणजे आपलेच वडील, हेही डोक्यात आले नाही; इकडे रामाजी घरोघरी आहेत. (आपणही तिला बाईच म्हणत आलात, तेव्हा थोडा दोष खाप्याकडेही जातो.) सासऱ्यांनी लग्नाआधी काढून दिलेल्या खात्यात ती एकतीस वर्षे पैसे टाकत होती. मला सोमवारी महादेवाला जाते म्हणून सांगत असे. जातही होती, पोस्ट वाटेत लागते. खोल्या होऊन थोडे उरेल इतके तिने ठेवले आहे.

आज पोस्टातल्या बाबूंनी पासबुकावर देवकी आणि मृत्यूच्या दाखल्यावर पुष्पलता पाहून विचारले, "दोन घरवाल्या होत्या काय जी तुमच्या?"

एकच, म्हटले.

"मंग हे देवकी कोण?"

तीच.

"अन् पुष्पलता?"

तीही तीच.

त्यांनी चष्मा काढला, मला पाणी दिले, आणि दोघी एकच होत्या असे माहेरच्या माणसाचे प्रतिज्ञापत्र आणायला सांगितले. भला माणूस.

आपला,
मनोहर

ता. क. कागद सोबत आहे. फुली केली आहे तिथे पूर्ण नावाने सही करावी. नुसते 'कौ.' चालणार नाही.

ता. क. दुसरा. सही झाली नाही तरी मी कुठेतरी खोली पाहीन, त्याची काळजी नको. पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. नव्या दारावर तिच्या नावाची पाटी लावायची आहे. दोन्हींपैकी तिला कोणते नाव आवडत होते, हे मी कधी विचारले नाही. आपल्याला ती कधी बोलली असेल तर कळवावे.

नळ आला आहे. उठतो, पाणी भरून घेतो.