गार हातांची परीक्षा

प्रिय सोदाम,

आधी बस आणि मग वाच. उभ्याने वाचलंस तर ऑफिसात किंचाळशील आणि लोक विचारत बसतील, हिला काय झालं म्हणून. तुझी आई येत्या एकवीस तारखेला परीक्षेला बसतेय! चेहऱ्याची निगा राखायची सरकारी परीक्षा. लेखी तर पासही झाले. तुला कळवलं नाही, कारण नापास झाले असते तर तू फोनवर खिदळली असतीस. आता राहिली हातांची परीक्षा. ती निघाली की प्योबाईंच्या पार्लरमध्ये पांढरा कोट घालून पलंगाशी उभी राहीन. नाही निघाली तर अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथलंच टॉवेल धुणं आहेच.

आणि हे सगळं आपल्या किमचीच्या फ्रिजमुळे झालं बरं का! उन्हाळ्यात सोक्चोच्या किनाऱ्यावरून लालबुंद होऊन आलेल्या बायकांची रांग लागली होती आणि नेमका पार्लरचा छोटा फ्रिज बंद पडला. गार पट्ट्या नाहीत, गार दगड नाहीत. प्योबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. मी आपली पुढे पुढे करत म्हटलं, एवढंच ना, किमचीचा फ्रिज शून्याच्या जरासा खाली असतो, बर्फही धरत नाही आणि गारवाही सोडत नाही. घरी नेऊन पट्ट्या भिजवल्या, डब्यात घातल्या, डबा मुळ्याच्या किमचीशेजारी ठेवला. झाकण नीट लागलं नव्हतं हे दुसऱ्या दिवशी कळलं, बांगबाईंच्या तोंडावर पट्टी पसरली आणि लसूण-तिखटाचा आंबूस वास सुटला तेव्हा. तुझ्या शाळेतल्या गणिताच्या बांगबाई, त्याच. "अगं माल-सुन, हा माझा चेहरा आहे की ताट? आता वर भात वाढ, म्हणजे जेवणही इथेच उरकतं!" शेजारच्या पलंगावर एक होणारी नवरी होती, ती इतकी हसली की तिची पट्टी घसरून जमिनीवर पडली. प्योबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात माझी चप्पल शोधायला लागले.

घाबरून मी पट्टी काढली, चेहरा धुतला. हाताशी दुसरं काहीच नव्हतं, म्हणून माझेच हात बर्फाच्या पाण्यात बुडवले, पुसले आणि बांगबाईंच्या गालांवर ठेवले. हात तापले की पुन्हा बुडवायचे, पुन्हा ठेवायचे. मासळीबाजारात तीस वर्षं बर्फ उपसलाय मी, मला गार पाण्याचं काय कौतुक! पण या हातांना एक गोष्ट पक्की कळते, गारवा कुठपर्यंत सुख देतो आणि कुठून चावायला लागतो. कातडी गुलाबी आहे तोवर ठेवायचं, फिकी पडायच्या आत उचलायचं. बर्फ नुसता कधी टेकवायचा नाही. डोळ्यांखाली तर एका श्वासापुरतंच. नंतर पुस्तकातही असंच काहीसं वाचलं आणि मला हसूच आलं. थोड्या वेळाने बांगबाईंच्या गालांची आग निवली आणि त्या चक्क घोरायला लागल्या. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला हेच हात हवेत." या हातांना कुणी चांगलं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार? आता रात्री खारट रामेन शेवया खाऊन सुजलेली तोंडं सकाळी सकाळी माझ्याच नावाने दार वाजवतात. बाजारातली बोक-निमसुद्धा आली आणि म्हणाली, "इतकी वर्षं तुझ्या बर्फात माझी माकुलं ठेवलीस, आता माझं थोबाड ठेव!" पण प्रमाणपत्र नाही तर गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही, असं प्योबाईंनी दुसऱ्याच दिवशी बजावलं आणि परीक्षेचा अर्जही स्वतःच भरला. तेव्हापासून मी रोज प्योबाईंच्याच चेहऱ्यावर सराव करते. त्यांचे गाल एवढे तुकतुकीत झालेत की नवरा संशय घ्यायला लागलाय म्हणे.

हातांच्या परीक्षेला समोर झोपायला आपलं माणूस आपणच न्यायचं असतं. बांगबाई तयार होत्या, बोक-निम तर भांडायलाच उठली. मी दोघींना नाही म्हटलं. प्योबाई वैतागल्या, "मग काय मांजर झोपवणार आहेस? माणूस नसेल तर आत घेणार नाहीत, कळतंय का?" मी सांगून टाकलं की माझं माणूस ठरलंय.

ते माणूस तू आहेस, सोदाम. तुला न विचारता सांगून बसले. पाचवीत तुमच्या खेळांच्या दिवशी मी बाजारातून तशीच धावत आले होते. तुझ्या तोंडावरचा घाम पुसायला हात पुढे केला, तर तू मागे सरलीस आणि मैत्रिणींना म्हणालीस, ही आमच्या शेजारची बाई. राग आला नाही असं खोटं कशाला लिहू? आला, पण तुझ्यापेक्षा माझ्या हातांचा जास्त आला. त्यानंतर मी तुझ्या चेहऱ्याला हात लावला नाही. तू तापाने फणफणली होतीस तेव्हाही ओलं फडकं मावशीच्या हातात दिलं आणि मी दारात उभी राहिले. तू कदाचित विसरलीही असशील. पास-नापासाचं काय ते होईल. पण एकवीस तारखेला येशील का गं? डोळे मिटून थोडा वेळ माझ्या हातांखाली पडून राहशील का?

तुझीच,
आई