मागं कोण होतं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. २१ नोव्हेंबर १९५६

चि. पिराजीस दादाचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तिकडे तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. परवा पन्हाळ्याला कार्यक्रम झाला, माणूस मावेना. सरकारच्या पंचवार्षिक योजनेचं काम आपल्या फडाला मिळालं. गावोगाव धरणाचे, कालव्यांचे पोवाडे गायचे. तुझ्या मनात येईल, दादा विकला गेला. अरे, उद्या समितीनं बोलावलं तर तिथंही डफ घेऊन जाईन. संयुक्त महाराष्ट्र मलाही हवाच आहे, पण तो घरात. स्टेजवर मला ऐकणारी माणसं हवीत, मग ती कुणाची का असेनात. डफाला पक्ष नसतो हे तुला किती वेळा सांगितलं. तू झेंडे नाचवत हिंडलास, म्हणून तर पोलिसांना तुझं नाव तोंडपाठ झालं.

कोर्टात माझी साक्ष व्हायच्या आधी तुझी विठाबाई आली होती. उंबऱ्यातच बसली. "दादा, मोर्चात दगुड पडलं तवा ह्ये गडमुडशिंगीत तुमच्या मागं गात हुतं. एवढंच सांगा की. खोटं बोला म्हणत न्हाई मी."

तिथल्या गावकऱ्यांनी तेच सांगितलं होतं, पण ते समितीवाले म्हणून न्यायाधीशांनी कानाआड केलं. फडातले बाकीचे माझ्या तोंडाकडे बघून गप्प. तुझ्या वकिलाला कुठल्याच बाजूचा नसलेला माणूस हवा होता, आणि तसा मी एकटाच. मी तिला म्हटलं, "बाई, हल्ली खरं बोलणं म्हणजेसुद्धा एका बाजूला बसणं झालंय."

"व्हय? मग गप बसणं कुठल्या बाजूचं?" म्हणाली आणि उठून गेली. तिला बोलायचा पोच कधीच नव्हता.

पुढचं तू पिंजऱ्यात उभा राहून ऐकलंसच. वकिलानं विचारलं, "मागं कोण होतं?" मी म्हणालो, शाहीर पुढं बघून गातो, झीलकरी मागं उभा राहून 'जी जी रं जी' म्हणतो, त्याच्याकडे वळून बघायची रीत नाही. यात खोटं काय आहे? मग त्या शहाण्यानं तुला तिथूनच झील द्यायला लावली. दिलीस. काय दिलीस रे! माझा हात आपोआप कानाकडे गेला, तो मी खाली घेतला. लोक हसले.

"आवाज ओळखता?"

"असा आवाज कुणाचाही असतो."

दीड वर्षाची शिक्षा. पेठेत चार माणसं हळहळली, हळहळू देत. मलाही वाईट वाटलं, पण त्याहून तुझा राग आला. बेसूर गाता आलं नसतं?

असो, कामाचं लिहितो. तुझ्या जागी आता बाळासो उभा राहतो. गळा बरा आहे, पण कडवं लांबलं की दम तुटतो आणि मला थांबावं लागतं. पन्हाळ्यात दोनदा झालं. तू मध्येच श्वास कुठं चोरायचास ते मला कधी कळलं नाही. तेवढं सविस्तर लिहून पाठव. तिथं वेळ आहे तुला.

कळावं. शेवटी 'लोभ असावा' लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

शाहीर हंबीरराव