समरकंदला टांगलेली रोटी

रविवार, १६ नोव्हेंबर. ब्राउनश्वाइग, जर्मनी.

संध्याकाळी समरकंदच्या गेस्टहाउसवाल्या बाईंनी फोटो पाठवला. भिंतीवर टांगलेली गोल रोटी, कडेला बाबांचा चावा. मेमध्ये बाबा माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना समरकंदला नेऊन तैमूरची राजधानी बघायची त्यांची हौस पुरवली होती. निघताना बाईंनीच चावायला लावलं. पाहुणा परत येऊन उरलेली खाईपर्यंत रोटी जपतात म्हणे. बाबांची कवळीच निसटली. काय हसलो! "आता यावंच लागणार," म्हणाले.

फोटोखाली विचारलंय, "पापा कधी येणार?"

बाबांना जाऊन दोन महिने झाले. मी इथून पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हे बाईंना कसं कळवू? कळवलं तर रोटी उतरवतील ना? कितीतरी वेळ तो चावा मोठा करून बघत बसले. दातांचे ठसे तसेच आहेत.

शेवटी लिहिलं, "मेमध्ये. रोटी राहू द्या."